बालवर्गाचा तात्पुरता चार्ज

रविवार, ७ सप्टेंबर. दुपारी २.
चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी बाजूला घेतलं. शब्बाथशाळेचा, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेचा, बालवर्ग घेणाऱ्या यमुताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. अडीच महिने त्या येणार नाहीत. तोवर वर्ग तुम्ही घ्याल का, असं विचारलं. वय तीन ते पाच. संख्या अकरा. विचार करून सांगतो म्हणालो. लगेच सांगितलं, घेतो.

आधी दोघांना विचारून झालं होतं, हेही साहेबांनी सांगितलं. प्रामाणिक माणूस. इतकं प्रामाणिक असायची गरज नसते.

कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची अकरा कंट्रोल रूममध्ये शिफ्ट इन-चार्ज. अख्खं युनिट माझ्या सहीवर चालायचं. अकरा पोरं म्हणजे काय. रिटायर होऊन चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत एकदाही कोणी फोन करून, साहेब लवकर या, असं म्हटलेलं नाही. सहज लिहिलं. तक्रार नाही.

बायको हसली. म्हणाली, तुमाले लेकराईचं काय समजते, आपला रोहित कोणत्या वर्गात हाय हे तुमी मले विचारत होते. शिफ्ट ड्यूटीत असं होतं.

संकल्प: नोव्हेंबरपर्यंत विदर्भातला मॉडेल बालवर्ग.

शनिवार, १३ सप्टेंबर.
यमुताईंच्या घरी चार्ज घ्यायला गेलो. सिलॅबस मागितला. नाही. रजिस्टर? नाही. सव्वीस वर्षं वर्ग चालवतायत आणि कागद एक नाही. चार्जमध्ये मिळालं ते एवढं: सतरंजी एक, मुरमुऱ्यांचा डबा एक. पोरांची श्रद्धा वाढतेय की घटतेय हे तुम्हाला कळतं कसं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, नाही कळत जी, मी गोष्ट सांगते, ते मुरमुरे खातात, तुमी फक्त त्याईले जवळ बसू द्या.

बाई प्रेमळ. सिस्टिम शून्य.

संध्याकाळी लॉगशीट आखलं. कॉलम: वचन, प्रार्थना (सेकंदांत), शिस्त, रडणे, शेरा. प्लांटमध्ये दर तासाला रीडिंग घ्यायचो. इथे दर दहा मिनिटांनी घेणार, कारण पोरं लवकर गरम होतात.

रविवार, १४ सप्टेंबर.
पहिला दिवस. हजर ११. रडले ४. रडायचे थांबले १.

प्रार्थनेत डोळे किती वेळ बंद राहतात ते स्टॉपवॉचवर मोजलं. सर्वोत्तम नंदिनी, ९ सेकंद. सर्वात कमी रोशन, २ सेकंद. आमची हिमानी, म्हणजे रोहितची मुलगी, साडेचार वर्षांची, तीही याच वर्गात आहे. तिचा एकच डोळा बंद होता. अर्धे गुण दिले. नातीला सवलत नाही.

बाथरूमला एका वेळी एकच पोर, तेही माझी सही असलेलं परमिट घेऊन. प्लांटमध्ये परमिटशिवाय कोणी व्हॉल्व्हला हात लावत नाही. रोशनने विचारलं, काहून. समजावून सांगितलं. समजावणं संपेपर्यंत परमिटची गरज उरली नव्हती. सतरंजी मी धुतली. रोशनची आई म्हणाली, यमुताईंच्या वर्गात असं कधी झालं नाही. रेकॉर्डच ठेवलेलं नाही, तर झालं की नाही हे कोण सांगणार.

रविवार, २१ सप्टेंबर.
बायबलच्या वचनांचं पाठांतर सुरू. पहिलंच वचन एकतीस शब्दांचं घेतलं. छोट्या वचनाने श्रद्धाही छोटी राहते, असं माझं मत. सून नूपुर म्हणाली, बाबा, तिला अजून आपला पत्ता पाठ नाही. रोहित नोकरीला पुण्याला, नूपुर इथेच मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. टार्गेट म्हणजे काय हे निदान तिला तरी कळायला हवं होतं.

निकाल: एकतीसपैकी एकही शब्द कोणाला आला नाही. त्यानंतरचं आमेन मात्र सगळ्यांना आलं, तेही एका आवाजात. म्हणजे शेवट पक्का झाला. आता तिथून मागे मागे यायचं.

प्रश्नोत्तरं. रोशन: देवाला शू लागते का. सिलॅबसबाहेर. नंदिनी: विमान देवाच्या घरावरून जाते का खालून. चौकशी करून सांगतो म्हणालो. हिमानी: देव आजोबासारखा ओरडते का. म्हणालो, गरज पडली तर.

रविवार, ५ ऑक्टोबर.
हजर ६. कारणं: ताप, पाहुणे, दसऱ्याची सुट्टी. मुरमुरे बंद केले आहेत, कारण खाताना रीडिंग घेता येत नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर.
हजर ३. दिवाळीच्या सुट्ट्या, सगळे गावाला. तिघांतली हिमानी मी उचलून आणलेली, म्हणजे स्वेच्छेने २. दोघांपैकी एक झोपला होता. शिस्तीचा कॉलम आज पहिल्यांदा पूर्ण भरला.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर. संध्याकाळी ६.
गावाला कोणी गेलेलं नाही. यमुताईंची तब्येत विचारायला गेलो, तर आठ पोरं त्यांच्या पलंगावर. एक उशीवर, दोन पायथ्याशी, रोशन तर ऑपरेशनच्या पायाला टेकून. मधोमध मुरमुऱ्यांची परात. मला बघून सगळे एकदम गप्प झाले. कंट्रोल रूममध्ये मी शिरलो की असंच व्हायचं. तेव्हा ते आवडायचं.

यमुताई म्हणाल्या, मी नाही बोलावलं भाऊ, आपल्या मनानं येऊन राहिले. ही अनधिकृत शाखा आहे हे त्यांच्या लक्षात आणून द्यायचं ठरवलं होतं. पण त्यांनी पुढ्यात परात सरकवली. दोन मुठी खाल्ल्या आणि आलो.

रविवार, २६ ऑक्टोबर.
महत्त्वाची बातमी. डॉक्टरांनी यमुताईंना खाली बसायला कायमचं बंद केलंय. बालवर्ग खालीच बसतो. सोळा नोव्हेंबरच्या बालक रविवारनंतर चर्च कमिटी वर्गाचा कायमचा निर्णय घेणार. पाळकसाहेब म्हणाले, बघू, पोरं काय सादर करतात त्यावर आहे.

मला हा वर्ग हवा आहे. कशासाठी ते नीट सांगता येत नाही. रविवारी सकाळी दाढी करताना आता काहीतरी वेगळं वाटतं. सोमवार ते शनिवार वाटत नाही.

योजना: हरवलेल्या मेंढराची गोष्ट. शंभर मेंढरं, एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकाला शोधायला जातो, खांद्यावर घेऊन येतो. आपल्याकडे दहा अधिक एक. मेंढपाळ मी. सुरुवातीला मेंढपाळाचं छोटंसं प्रास्ताविक, विषय: बालकांची श्रद्धा आणि आधुनिक पद्धती. चार मिनिटं.

शनिवार, १ नोव्हेंबर.
कापसाचे कान केले. बायकोने शिवले. ही बातमी पसरली आणि तालमीला अकराच्या अकरा हजर. हे मी आधीच ओळखलं होतं.

अडचण एकच. हरवलेलं मेंढरू कोणी व्हायला तयार नाही. स्टेजवर दिसत नाही म्हणून आयांची हरकत. शेवटी हिमानीला घेतलं. चर्चच्या मागे वेस्ट्री आहे, पाळकसाहेबांचे झगे ठेवायची खोली. तिथल्या टेबलाखाली लपायचं. टेबलावर जमिनीपर्यंत कापड आहे. नियम दोन: आजोबा येईपर्यंत हलायचं नाही, आणि आवाज करायचा नाही.

पहिल्या वेळी ८ सेकंदांत बाहेर. विचारलं तर म्हणाली, तुम्ही येऊनच नाही राहिले.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
रीडिंग: ४० सेकंद. १ मिनिट ५० सेकंद. ३ मिनिटं १० सेकंद. ट्रेनिंग म्हणतात ते हे. दर वेळी मी कापड उचलतो, सापडलं असं मोठ्याने म्हणतो आणि तिला खांद्यावर घेतो. खांदा दुखतो, पण ती हसते. आज तिने विचारलं, आजोबा, तुम्ही पक्के येता ना. म्हणालो, प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं आहे.

चर्चमधून घरी येताना तिने स्वतःहून माझं बोट धरलं. घरी आजीला सांगत होती की आजोबा मले शोधतात. रोहित लहान असताना असं काही कानावर आल्याचं आठवत नाही. बरं वाटलं. लिहायला हरकत नाही, फार बरं वाटलं.

प्रास्ताविक थोडं वाढवलं. आता नऊ मिनिटं.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपारी २.
बालक रविवार. एकंदरीत अभूतपूर्व यश. चर्च भरलेलं. यमुताईही वॉकर घेऊन आल्या होत्या, मागच्या बाकावर बसल्या. दहा मेंढरं कान लावून स्टेजवर, एकही रडलं नाही. प्रास्ताविक अठ्ठावीस मिनिटं चाललं, कारण लोक फार मन लावून ऐकत होते. पुष्कळ जण डोळे मिटून. लॉगशीट उंच धरून दाखवलं. मेंढपाळाची काठी हातात असल्यामुळे मुद्दे पटवून देता आले. टाळ्या. पाळकसाहेबांनी जरा घाईने पुढचं गीत सांगितलं, मग आशीर्वाद, मग सगळे चहाला.

किरकोळ त्रुटी: एक मेंढरू शोधायचं राहून गेलं.

त्याच दिवशी. संध्याकाळी ५.
वरचं नीट लिहिलेलं नाही. पुन्हा लिहितो.

चहा पिताना कमिटीचे एक मेंबर माझ्या मुद्द्यांबद्दल बोलत होते. मी त्यांना लॉगशीटची दुसरी बाजू दाखवत होतो. नूपुर आली आणि म्हणाली, बाबा, हिमानी कुठे आहे. म्हणालो, इथेच असेल पोरांत. तिने पोरं बघितली. मग गेट बघितलं. मग ती ओरडायला लागली. सगळे धावले. मीही धावलो, रस्त्यावर. काठी हातात, डोक्याला फेटा, पार सिग्नलपर्यंत. ऑटोवाल्यांना विचारलं, साडेचार वर्षांची मुलगी, कापसाचे कान. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मीच बसवलं होतं तिला तिथे, आणि माझ्याच डोक्यात आलं नाही.

यमुताईंनी विचारलं म्हणे, की पोट्टीला नाटकात लपायचं कुठं होतं. वॉकर टेकत वेस्ट्रीत गेल्या आणि डॉक्टरांनी बंद केलेलं असताना खाली जमिनीवर बसल्या. कापड उचललं. हिमानी होती. मध्ये झोप लागून गेली असावी, गालावर फरशीचे वण. फ्रॉक ओला. बाहेर ये म्हटलं तर आली नाही. नूपुरने हात पुढे केले, तरी नाही. कुजबुजत म्हणाली की आजोबा येईपर्यंत हलाचं नाही हाय.

मला रस्त्यावरून बोलावून आणलं. पाळकसाहेबांचा फोन होता. उजागरे साहेब, लवकर या, म्हणाले.

वाकलो. ती माझ्याकडे बघत राहिली. रागावलेली नव्हती. मी काही बोलत नाही असं बघून तिनेच सांगितलं, आजोबा, सापडलं म्हणा. मला म्हणता येईना. तीन वेळा प्रयत्न केला. शेवटी तिनेच म्हटलं आणि खांद्यावर चढली.

एकूण वेळ: ५४ मिनिटं. लॉगशीटवर लिहिलं नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
नूपुर माझ्याशी बोलत नाही. बायको बोलते, ते जास्त वाईट. रोहितने पुण्याहून फोन केला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, जाऊ द्या बाबा, मला सवय आहे.

राजीनामा लिहायला घेतला. दोन पानं झाली. त्यात सिस्टिमचा दोष, वेळापत्रकाचा दोष, गीत लवकर सांगितल्याचा दोष. वाचून बघितलं. फाडला.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
कमिटीचा निर्णय. बालवर्ग यमुताईंकडेच. त्यांच्यासाठी उंच खुर्ची आणणार, पोरं खाली बसतील. म्हणजे एवढाच प्रश्न होता आणि तो एका खुर्चीने सुटत होता. माझे आभार मानायचा ठराव झाला, एकमताने. राजीनामा कोणी मागितलेला नव्हता. कारण माझी नेमणूक कुठे लिहिलेलीच नव्हती.

रविवार, २३ नोव्हेंबर. दुपारी १२.
चर्चला मागच्या बाकावर बसायचं आणि उपासना संपली की सरळ घरी, असं ठरवलं होतं. हिमानीने बोट सोडलं नाही. ओढत बालवर्गात नेलं. यमुताई म्हणाल्या, बसा ना जी, जागा हाय. सतरंजीच्या कोपऱ्यावर बसलो. हजर ११. हे मी मोजलं नाही, दिसलं.

मुरमुरे वाटून झाल्यावर यमुताईंनी तीच गोष्ट घेतली. पोरांनी अर्धीच बघितलेली, पुरी करायला हवी, असं त्यांचं म्हणणं. मला उठून जायचं होतं, पण हिमानी मांडीवर बसली होती. यमुताईंनी शंभर मेंढरं सांगितली, एक हरवलेलं सांगितलं, आणि विचारलं, मंग मेंढपाळानं काय केलं, कोण सांगते.

हिमानीने हात वर केला. म्हणाली, पहिले तो भाषण करते, मंग येते.

रोशनने विचारलं, किती भाषण. ती म्हणाली, बहुत. पण येते.

कोणी हसलं नाही. दहाही पोरांनी माना हलवल्या, जसं हे त्यांना माहीतच होतं. यमुताईंनी माझ्याकडे बघितलं. दुरुस्त केलं नाही. गोष्टीत तसं नाही, हे मला सांगता आलं असतं. अडीच महिन्यांच्या माझ्या चार्जमध्ये बालवर्गाला पाठ झालं ते एवढंच.