मोठी चटई कोणासाठी

३ जून, सोमवार

सकाळी धक्क्यावर लुसेआनेने सेमिसीला सगळ्यांदेखत सांगून टाकलं – आपलं संपलं, पुन्हा भेटू नकोस. माझी नात! कारण काय, तर तिला त्याचं मरण दिसलं. चर्चचं अंगण, रडणारी माणसं, आणि आमच्या बेटावर मयतीला कमरेला चटई बांधतात, तशी मोठी फाटकी चटई ती स्वतः कमरेपासून डोक्यावर ओढून बसलेली.

तिला दिसतं हे खरं. बेकरीचं छप्पर कोसळलं, पाद्रीबाबा जिन्यावरून पडले – दोन्ही तिला आधी दिसलेलं. त्यामुळे धक्क्यावर कुणी हसलं नाही.

सेमिसी एवढंच म्हणाला, "मरायचंच आहे तर तुझा म्हणून मरू दे की."

पोरगा मला तिथेच आवडला. शाळेत पाठ केलेल्या कवितांत असली माणसं भेटायची. ती अळकुड्यांच्या पोत्यावर बसलेली असतात हे मात्र कवींनी लिहिलं नव्हतं.

५ जून, बुधवार

सेमिसीची आई आली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणे, नातीला आवरा, माझ्या पोराकडे बघायचंसुद्धा नाही. बापाने त्याच्या होडीचं इंजिन काढून घरात ठेवलंय. धाकटा भाऊ आत्तापासूनच त्याचे शर्ट घालू लागलाय.

धडधाकट पोराचं भूत करून ठेवलं! मरणाला एवढा मान? मी नाही देणार.

७ जून, शुक्रवार

लुसेआने जेवली नाही. खिडकीखाली सेमिसी बराच वेळ उभा होता. हिने खिडकी लावून घेतली.

८ जून, शनिवार

लिसिआते सुताराच्या मयतीला गेलो. मागे बसून बघत होतो. त्याच्या बहिणीची मुलं पुढे, नाजूक विणीच्या चटया बांधून, रुबाबात. त्याच्या मुलाची मुलं मागे चुलींपाशी, धुरात – मोठ्या फाटक्या चटया डोक्यावर ओढून. आम्हा शेजाऱ्यांच्या कमरेला रोजचीच छोटी चटई. जन्मभर हेच बघत आलो.

आणि एकदम लख्ख दिसलं. सेमिसी आमचा कोण? शेजारी! त्याच्या मयतीला लुसेआने छोटीच बांधील. मोठी फाटकी चटई अंगावर येते ती बापाकडचं वडीलधारं गेलं की. तिच्या बापाला समुद्राने नेलं. त्या बाजूचं आता माझ्याशिवाय उरलंय कोण?

बरं. असं आहे तर!

गुणगुणत घरी आलो.

९ जून, रविवार

चर्चला निघण्याआधी ती अळकुड्या सोलत होती. तिला चटईचं सगळं समजावून सांगितलं. तिने वर पाहिलंच नाही.

"मला पहिल्यापासून माहीत आहे, आजोबा."

ते मरण दिसलं त्या दिवशी ती रडत होती, का म्हणून मीच विचारलं, तेव्हा तोंडाला आलं ते सेमिसीचं नाव सांगून मोकळी झाली. शाळा संपली की दोघं ऑकलंडला जाणार होते. मला टाकून जायचं नाही, माझी वेळ आलीय हे मला कळूही द्यायचं नाही – एका खोट्यात दोन्ही साधलं.

मास्तरकीतसुद्धा असा रागावलो नव्हतो. "माझ्यासाठी त्या पोराला जिवंत पुरलंस?"

"मग तुमच्या उशाशी बसू नको?"

"नको. मी अजून माझा मी उठून बसतोय."

तेव्हा कुठे ती रडली.

१० जून, सोमवार

सेमिसीच्या अंगणात उभा राहून मोठ्याने सांगितलं – मरण माझं आहे, ज्याचं त्याला परत करा. इंजिन बाहेर काढा.

त्याची आई डोळे पुसत म्हणाली, "मग मास्तर, तुम्ही तेवढे होडीत बसू नका."

बसलो! लुसेआने धक्क्यावरून ओरडत राहिली, आणि शेवटी तीही चढली. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, ते विचारलं नाही. जाताना दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. येताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

१२ जून, बुधवार

पहाटे मला दिसलं. मला! लुसेआने म्हातारी, सेमिसीच्या तोंडात एकही दात नाही, आणि कुठल्याशा थंड गावात चहातल्या साखरेवरून दोघांचं कडाक्याचं भांडण चाललंय.

तिला सांगणार नाही. तिचं ती ठरवू दे.