सहा दहाची वेळ

प्रिय भिंगरी,

माझं अक्षर पाहूनच तू पाकीट बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. तरी आधी एक हसण्यासारखी गोष्ट वाच. रिमोटचीही बटणं चुकीची दाबणाऱ्या तुझ्या बापाने आईच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या हाताने नवी सिस्टिम चढवली.

हौस म्हणून नव्हे. भीती वाटायची म्हणून. आई गेल्यापासून ते यंत्र रोज सकाळी आपोआप सुरू व्हायचं. आतल्या खोलीत पंखा घरघरायचा आणि पडद्याचा उजेड तिच्या रिकाम्या खुर्चीवर पडायचा. भुताखेतांची टिंगल करणारा मी, पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहायचो. एकदा तर तिला हाकही मारली. शेजाऱ्यांना सांगायची सोय नव्हती, म्हातारा चळला म्हणाले असते. वाटलं, सगळं नवं केलं की हे थांबेल.

पण नवी सिस्टिम चढेना. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला की तुमचं यंत्र जुन्या पद्धतीने सुरू होतं. सुरू होता होता डिलीटचं बटण दाबत राहा, सेटिंगचा निळा पडदा येईल, तिथे पद्धत बदलायची. तो पुढे काही सांगत होता, पण मी उतावळा, फोन ठेवला आणि बदलूनही टाकलं. पडदा काळा झाला. सुरू करायला डिस्कच सापडत नाही, एवढी एकच ओळ. आईचे फोटो, तिची पत्रं, तुझ्या लहानपणाचे आवाज, सगळं त्यात. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, आतलं सगळं जागेवर आहे. त्याला फक्त दिसत नाहीये." आधी डिस्कची मांडणी बदलायची आणि मग पद्धत, मी उलटं केलं होतं. त्याने जुनी पद्धत परत लावून मांडणी बदलून दिली. उरलेलं मी करतो म्हटलं.

या वेळी घाई केली नाही. छापखान्यात प्रुफं तपासायचो तशी सेटिंगच्या निळ्या पडद्याला पट्टी लावून ओळ न् ओळ वाचली. तिसऱ्या पानावर सापडलं. रोज आपोआप सुरू होण्याची वेळ: सहा वाजून दहा मिनिटं. भूत नव्हतं, आईने लावून ठेवलेलं होतं.

तुझी रात्रपाळी सहाला सुटायची आणि सव्वासहाला तू खोलीवरून आईला व्हिडिओ कॉल करायचीस. या खटाऱ्याला जागं व्हायला पाच मिनिटं लागायची. त्या रविवारी मी तुला घालूनपाडून बोललो, आई गप्प बसली, आणि तुझे कॉल थांबले. तिने वेळ मात्र काढली नाही. दोन वर्षं ती रोज त्या खुर्चीत बसायची. मी समजायचो, तीच यंत्र सुरू करते आणि पत्ते खेळते.

पद्धत बदलताना सगळ्या सेटिंग मूळच्या कराव्या लागल्या, त्यात वेळही पुसली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आवाज नाही. भिंगरी, ती शांतता मला सहन झाली नाही. मी पुन्हा आत जाऊन वेळ भरली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आई जाण्याच्या चार महिने आधी तू घरच्या फोनवर तिची चौकशी केलीस. मी म्हणालो, "ती तुझं नावही काढत नाही." तू फोन ठेवलास. ते खोटं होतं. राग माझा होता, नाव तिचं लावलं. तू फोन केला होतास हे तिला मी कधीच सांगितलं नाही. ती तुझी वाट पाहत गेली आणि तू तिच्यावर रागावून राहिलीस, हे माझं काम आहे. माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही. पण एवढं खरं मान, की ती रोज सहा दहाला तुझ्यासाठी बसायची. आता मी बसतो.

सव्वासहापर्यंत नव्हे, सातपर्यंत बसणारा,
तुझाच
बाबा