आग लागली नव्हती

रवि. ९ एप्रिल १९७८
आईला जाऊन नऊ दिवस झाले. काल तिचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजी पुण्याहून आले. प्यायचं पाणी थर्मासमध्ये सोबत आणलं होतं. मलाच लाज वाटली. विहीर तशीच आहे. वर तपकिरी साय, खाली काळं. बादली सोडली की वास हाताला राहतो, साबणाने जात नाही.
अक्का ताथवड्याहून आलीय. म्हणाली, "तू कंपनीतच आहेस ना? मग काय सोडलं ते तुला ठाऊक असंल."
ठाऊक आहे. फायर सेक्शनची नोंदवही मीच लिहितो.

मंगळ. ११ एप्रिल
रजा संपली, हजर झालो. वही उघडून ते पान पाहिलं. ११ मार्च. माझंच अक्षर. "पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक. खड्ड्यात डिझेल पेटवून फेसाने विझवले. फोमचे पाच ड्रम." खाली सही.
खड्ड्याची नाल्याकडची झडप उघडी होती. ते लिहिलेलं नाही. मी पाहिली होती. साहेब पाहुण्यांशी बोलत होते, मध्ये कसं बोलायचं म्हणून थांबलो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फेस नाल्याने आमच्या वस्तीकडे गेला. आठवड्यात विहीर कुजली.
आई तेच पाणी गाळून, उकळून प्यायची. मग जुलाब. ३१ ला गेली. डॉक्टरने दाखल्यावर "वार्धक्य" लिहिलं. छप्पन्न वर्षांची होती.

शुक्र. १४ एप्रिल
जयंती. कंपनीने टँकर पाठवला, जेवण त्याच पाण्यात शिजलं. मी जेवलो नाही. मिरवणुकीला गेलो नाही.
गावच्या विहिरीवर वस्तीला पाणी भरू द्याल का, असं मामांनी गावकऱ्यांना विचारलं होतं. उत्तर आलं, "पाणी कमी हाय." त्याच विहिरीवर उसाला दिवसभर मोटार चालते.

सोम. १७ एप्रिल
वस्तीने दावा लावलाय. मामांबरोबर पुण्याला वकिलांकडे. ते म्हणाले, "खरी आग विझवायला फेस सोडला असं ठरलं, तर कंपनी म्हणेल, नाइलाज होता, जीव वाचवत होतो. पाहुण्यांना दाखवायला सोडला असेल, तर जबाबदारी झटकता येणार नाही. सगळं तुमच्या वहीवर आहे."
मग आईचं. "त्या पाण्यानेच गेल्या, असं शपथेवर सांगाल?"
मला वाटतं तसं, पण माहीत नाही, म्हणालो.
"अहो, माहीत असलेलंच सांगायचं ठरलं तर कोर्टं ओस पडतील." हसले. आईचं नाव त्यांच्या कागदावर होतं, त्यावर पानाची पिंक उडालेली.
जिना उतरताना मामा, "व्हय म्हनायला काय जातं रं तुजं?"

गुरु. २० एप्रिल
फायर ऑफिसरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. सात वर्षांत पहिल्यांदा.
"त्या दिवशी पेंट शॉपला आग लागली होती. छोटीशी. आठवतंय ना?"
 खरी आग लागली की इन्स्पेक्टर येईल म्हणून वहीत लिहू देत नाहीत. भट्टीवर हात भाजलेला माणूस वहीत "किरकोळ" आहे. आता न लागलेली आग हवी.
"वस्तीला नळ देऊ, आपल्या लाइनीतून. कायमचा. तेवढी वही नीट करून घे. आणि विष कसलं रे? खुरं, शिंगं, रक्त उकळून करतात तो फोम. तुमच्या लोकांना त्याचं काय एवढं?"
उठून जायला हवं होतं. चहा संपवला, "येतो साहेब" म्हणालो. स्वतःचीच शिसारी आली.

रवि. २३ एप्रिल
वस्तीची बैठक. नळाची बातमी माझ्याआधी पोचलेली. शेजारच्या हौसाबाई म्हणाल्या, "कोर्टात जितलो तर हंडा भरंल का रं भाऊ? का माज्या नातीच्या लग्नाला भरंल?" सगळे हसले.
मामा म्हणाले, "तुजी आई, तशी माजी भैन व्हती. पर ती आता पानी मागत न्हाई. ही मानसं मागत्यात."
अक्का उठली. "मरताना पानीच मागत व्हती, मामा. तुमी न्हवता."
बैठक तिथेच मोडली. अक्काला झडपेचं सांगायचं ठरवून घरी आलो. सांगितलं. तिने फक्त विचारलं, "मग तवा का न्हाई बोललास?" आज सकाळचीच ताथवड्याला गेली असती तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

बुध. २६ एप्रिल
जुनी वही कपाटात नाही. टेबलावर नवी. जानेवारीपासून सगळी उतरवून काढलीय, दुसऱ्याच्या सुबक अक्षरात. ११ मार्चला पेंट शॉपला आग. सह्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत करून टाक."
चाळत गेलो. ३१ मार्च. मी हजर, दुसरी शिफ्ट, "सर्व ठीक." उतरवणाऱ्याने मागचा दिवस तसाच पुढे ओढलाय. आगीचं खोटं वाचून एवढं झालं नव्हतं. आई गेली त्या दिवशी मी रजेवर, तिच्याजवळ होतो.
नंतर लक्षात आलं. माझा रजेचा अर्ज टाइम ऑफिसमध्ये आहे, मंजुरीचा शिक्का मारलेला. ही वही कोर्टात खोटी पाडता येईल. पण मला उभं राहून सांगावं लागेल. वकिलांना अजून कळवलेलं नाही.

गुरु. २७ एप्रिल
शिफ्ट सुटून आलो तर नळाचा चर खणायला सुरुवात. पाइप कंपनीचे, हात वस्तीचे. सगळ्यात पुढे मामा, या वयात. मला पाहून कुदळ टेकवली.
"साहेब म्हनला, तुजी सही झाली की पानी सुटतंय. काय ते सांग. खनू का थांबू?"
"खणा," म्हणालो.
"म्हंजी करनार सही?"
"तसं नाही म्हणालो."
"मग पानी काय तुजा बाप सोडनार हाय?"
शुक्रवार उद्यावर आलाय. त्यांनी पुन्हा कुदळ उचलली. सदरा काढून मीही उतरलो. अंधार पडायच्या आत चर आमच्या दारापर्यंत आला.