बिनसहीचे दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

"आधी माझं होऊ दे, मग तुझं." लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा म्हणाला होता. त्याचं झालं. पदवी झाली, बढती झाली, गाडीसुद्धा झाली. मी विम्याच्या ऑफिसात काउंटरवर बसून त्याची फी भरली आणि वाट पाहिली. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी माझी पाळी आली. फीच्या दुसऱ्या हप्त्याचं नुसतं नाव काढलं तर साहेब म्हणतात, "अजून किती ओतायचं यात?"

ओतायचं! मी काय गळकी बादली आहे?

पहिला हप्ता माझ्या साठवणीतून गेला. दुसराही मीच भरणार होते, विद्यावेतनातून. शिक्षिका व्हायचं तर वर्षभर शाळेत उमेदवारी करायची, संध्याकाळी कॉलेजात बसायचं, आणि शाळेतल्या दिवसांचे जे काही पैसे मिळतात त्यातून कॉलेजची फी भागवायची. जमत होतं. पण या वेळी विद्यावेतन निम्मंच आलं. का? कुणी सांगायला तयार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रशिक्षण कार्यालयात जाऊन आले. तिथली बाई मान वर न करता म्हणाली, "मार्गदर्शकाची सही असेल तोच दिवस धरतात."

"अहो, पण सही नाही त्या दिवशी अख्खा वर्ग मी एकटीने घेतलाय!"

"एकटीने घ्यायचाच नसतो. नियमात नाही ते."

"मग काय मुलांना टाकून बाहेर उभी राहू?"

"ते तुमच्या शाळेला विचारा."

म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाई वर्गात मागे बसून बघतायत आणि मी एक गणित समजावलं, तर दिवस भरला. बाई आल्याच नाहीत आणि मी पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत शिकवलं, मारामाऱ्या सोडवल्या, एकाची ओकारी पुसली, तर दिवस बुडाला! वर सह्यांचे दिवस कमी पडले तर परीक्षेला बसता येणार नाही. फी? ती परत मिळत नसते म्हणे.

बाईंना काय! त्यांचा पगार चालू आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही आल्या नाहीत. आजही मीच.

९ फेब्रुवारी, सोमवार

आल्या! उशिरा, घाईघाईत, चष्मा घरी विसरून. पण त्यांचं शिकवणं पाहिलं की माझा राग पातळ होतो, आणि त्याचाच मला राग येतो. मागे बसणारी चिडकी मुलगी म्हणाली, "मला भागाकार येत नाही." बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "कसा येत नाही ते दाखव बघू. मला बघायचंय." ती दाखवायला गेली आणि अर्ध्यावर स्वतःच हसली.

हे शिकायचंय मला. यासाठी फी भरलीय.

मधल्या सुट्टीत मागच्या दिवसांच्या सह्या मागितल्या. "मी नव्हते, तर सही कशी करू गं? खोटं होईल ते." खरं बोलायला यांना माझेच दिवस सापडले! जेवणानंतर त्यांना फोन आला. पर्स उचलली. "सांभाळशील ना?" आणि सही न करताच गेल्यासुद्धा. आजचाही दिवस गेला.

११ फेब्रुवारी, बुधवार

हेडसरांनी बोलावलं. चहा पाजला, तेव्हाच पाल चुकचुकली. "ताई, कशाला फी-बी भरत बसता? प्रशिक्षण सोडा. मदतनीस म्हणून घेतो. महिन्याच्या महिन्याला पगार."

"आणि वर्ग?"

"तो तुम्ही घेताच आहात की!"

म्हणजे काम शिक्षिकेचं, नाव मदतनिसाचं, आणि जन्मभर तेच. मला ढकलून द्यायचं आणि म्हणायचं, बघा, तुम्हाला पोहता येतंच की!

घरी सांगितलं तर नवरा खूश. "दुधात साखर! फी वाचली, वर पगार." मी भांड्यावर झाकण आपटलं.

"झाकणावर कशाला राग काढतेस?"

"तुझ्या तोंडाला बसत नाही म्हणून!"

हसला. हसला तो!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाई नाहीत. उद्या सुट्टी. त्यांच्या घरीच जाणार. सोक्षमोक्ष लावणार. काय काय बोलायचं ते भाजी चिरताना मोठ्याने म्हणून पाहिलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी दार जेमतेम उघडलं, मला आत ओढलं आणि लगेच कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.

खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. घरात, पायात बूट घालून. "निघायचं ना?" त्यांनी विचारलं. "थोड्या वेळाने हं," बाई म्हणाल्या, अगदी वर्गातल्या आवाजात. पाणी आणेपर्यंत पुन्हा, "निघायचं ना?" पुन्हा तोच आवाज. जराही चढला नाही.

जन्मभर दारोदार फिरून विजेचे मीटर तपासले त्यांनी. आता आठवण गेली, पण कामावर निघणं राहिलंय. सांभाळायला येणारी बाई काम सोडून गेली. शेजारी अधूनमधून बसतात. नाही बसले की बाई घरी.

"तुझे दिवस बुडतायत, कळतं मला," बाई म्हणाल्या. "पण शाळेत बोलू नकोस गं. सर मला घरीच बसवतील."

पाठ केलेलं भांडण मी बाजूला ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून वर्गातल्या गमती सांगत सुटले. चिडकीची, ओकारीची. यजमान माझ्याकडे टक लावून ऐकत होते. तेवढा वेळ त्यांनी निघायचं नाव काढलं नाही. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या पदराने तोंड पुसत आत गेल्या.

परतताना चालतच आले. मला भांडायचं होतं! हक्काचं एक माणूस होतं भांडायला, तेही राहिलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

मदतनीस होणार नाही. उद्या हेडसरांना सांगेन. पण त्याआधी बाईंच्या दारात जाणार आहे. त्या नाही म्हणतील. त्यांचा मान आहे, सरांची भीती आहे, पालक काय म्हणतील ते आहे. तरी विचारणार.

बाई, यांना घेऊनच शाळेत चला. मागच्या बाकावर बसू देत. तुम्ही त्यांच्या शेजारी बसा, वर्ग मी घेते.