साडूबुवांनी परराज्यात घर का घेऊ नये

आदरणीय साडूबुवा,

तुम्हाला आणि ताईंना वडीलकीच्या मानानं नमस्कार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्ही तर ठीक असणारच. (तब्येत विचारायची रीत म्हणून विचारतो. तुम्हाला साधं पडसं झाल्याचंही कधी कानावर आलं नाही. गेल्या खेपेला तुमचा रक्तदाब इतका नेमका निघाला म्हणे, की डॉक्टरांनी नर्सला हाक मारून दाखवला.) ताईंचा गुडघा कसा आहे ते मात्र खरंच कळवा. इथे त्याची रोज चौकशी होते.

तुमचं पत्र मिळालं. निवृत्त झाल्यावर तिकडचं घर विकून आमच्या गावात घर घ्यायचा विचार आहे, तेव्हा परराज्यात घर घेताना काय काय बघावं ते सविस्तर कळवा, असं तुम्ही लिहिलंत. पंचवीस वर्षांत तुम्ही मला काही विचारलंत, ही पहिलीच वेळ. मी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग कळलं, की पत्राचा अर्थ एवढाच होता, तुम्ही येणार.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना घोळ व्हायला नको. मी तुमच्यावर जळतो. लग्न ठरलं त्या दिवसापासून जळतो. तिकडे असताना आमच्या घरात दूध नासलं, दार करकरलं किंवा गाडी चुकली, की तुमची मेहुणी एकच वाक्य बोलायची, "दाजी असते तर." पुढे काही नाही. ती वाक्य तिथेच सोडायची आणि मी ते दिवसभर मनात पुरं करत बसायचो. तुम्ही मोजणी खात्यातले, तुमच्या खिशात कायम मोजायची फीत. मी पडलो चष्म्याच्या काचा घासणारा, मला एका वेळी एका डोळ्यापुरतंच दिसतं. आमच्या मालकांनी परराज्यात दुकान काढलं आणि तिथे कोण जातं असं विचारलं, तेव्हा सगळ्यांत आधी माझा हात वर गेला. लोकांना वाटलं, बढतीसाठी. बढती वगैरे काही नव्हती. ते गाव तुमच्यापासून आठशे किलोमीटरवर होतं, एवढंच मी बघितलं.

आता घराचं. तुम्ही तुमचं घर घेतलंत तेव्हा एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी असे तीन वेगळ्या दिवशी जाऊन आलात, फरशीवर गोटी सोडून उतार बघितलात, शेजाऱ्यांकडे पाणी मागून प्यायलात. ही कथा आपल्या सासऱ्यांनी येईल त्या पाहुण्याला सांगितली. (मी समोर बसलेलो असताना. माझ्याकडे बघून.) म्हणून मी ठरवलं, आपण एका फेरीत, एका तासात घर घेऊन दाखवायचं. घेतलं. दाखवायला मात्र आठशे किलोमीटरांत कोणी नव्हतं.

घर बघितलं तो रविवार होता. गल्ली इतकी शांत, की दलालसुद्धा कुजबुजत बोलत होता. पुढे एका सोमवारी सामान उतरवताना कळलं, की मागच्या भिंतीला लागून भोंगे दुरुस्त करायचा कारखाना आहे. गिरणीचे भोंगे, अँब्युलन्सचे भोंगे, आगीच्या बंबाचे भोंगे. दुरुस्त झाला की वाजवून बघतात, नाही झाला तर जास्त वेळ वाजवून बघतात. पहिला आठवडाभर तुमची मेहुणी प्रत्येक अँब्युलन्सला खिडकीत जाऊन कोणाला नेलं ते बघून यायची. आता ती आवाजावरून दुरुस्ती कुठवर आली ते सांगते. तेव्हा परराज्यात घर बघावं ते कामाच्या दिवशी, हे लिहून घ्या. किंवा नका घेऊ, तुम्हाला हे उपजतच ठाऊक असणार.

दुसरं कपाटाचं. घराला फीत लावायची नाही, हा माझा बाणा. फीत म्हटली की मला तुम्ही दिसता. मी दरवाजे वितीनं मोजले आणि कपाट आठवणीनं. सासऱ्यांनी दिलेलं ते सागवानी धूड ट्रकमधून सुखरूप आलं आणि आमच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकलं. हमालांनी ते उभं केलं, आडवं केलं, तिरकं केलं. शेवटी त्यांच्यातला वयस्कर हमाल पायरीवर बसला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मला शब्द कळले नाहीत, पण सूर घरचा होता, "दाजी असते तर"चा. कपाट आजही खालच्या बोळात आहे. वरच्या मजल्यावरची म्हातारी त्यात छत्र्या ठेवते, तिचा मुलगा हेल्मेट ठेवतो, आणि आम्हाला आपलीच चादर काढायची तर जरा सरकता का असं विचारावं लागतं. पाण्याचीही तीच गत. घर बघताना मी नळाचं पाणी चाखलं, पण त्यात साबण लावून बघितला नाही. इथलं पाणी इतकं जड, की साबण अंगावरून नुसता फिरून येतो. घर बघायला जाताना माणसानं खिशात साबणाची वडी ठेवावी. (दलाल हसेल. हसू द्यावं.)

पण सगळ्यांवर कडी केली ती कागदांनी. इथली लिपी वेगळी. दिवसभर मी लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, पण अक्षरच अनोळखी असेल तर चष्मा तरी काय करणार? दलालानं बोट ठेवलं तिथे सही करत गेलो. नववी सही मला वाटलं विजेच्या मीटरची. ती निघाली गल्लीच्या पाण्याच्या पंपाची. आधीचे मालक पंप चालवायचे, आणि जो ते घर घेईल त्यानं पंप सांभाळायचा, असं गल्लीनं लिहूनच ठेवलं होतं. (आधीच्या मालकांनी घर का विकलं, हे त्या एका तासात विचारायचं राहून गेलं.) तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला मी पंप सुरू करतो आणि सात घरांच्या टाक्या भरल्या की बंद करतो. पहिल्याच आठवड्यात मला डुलकी लागली, टाकी वाहिली आणि खालच्या शिंप्याच्या दुकानात पाणी शिरलं. गिऱ्हाइकांचे सूट वाळत घालायला गल्लीभर दोऱ्या बांधल्या, आणि त्या ओल्या विजारींच्या मधोमध मी माफी मागत उभा. मला इथल्या भाषेतल्या तीनच गोष्टी बोलता येतात, पाणी आलं, पाणी गेलं आणि उद्या. शिंपी रडकुंडीला आलेला आणि मी हात जोडून "पाणी गेलं, पाणी गेलं" म्हणत होतो. त्याला वाटलं मी टिंगल करतोय.

पण खरं सांगू? आता मला गल्लीत पंपवाले म्हणतात. मला ताप आला तर सात घरांतून माणसं येतात. (पाण्यासाठी येतात, पण बसून जातात.) दोन वर्षांत तुमचं नाव घरात दोनदाच निघालं, कपाटाच्या वेळी आणि विजारींच्या वेळी. आणि गेल्या महिन्यात तुमच्या मेहुणीनं शेजारणीला सांगितलं, की पंपाचं यांच्याशिवाय कोणाला जमत नाही. मी मोरीत होतो. नळ बंद करून ऐकलं. साडूबुवा, तुम्ही आलात तर दहा दिवसांच्या आत त्या पंपाला आपोआप बंद होणारं बटण बसवाल. मग मी कोण?

म्हणून सविस्तर सल्ला असा, की येऊ नका. इथला उन्हाळा सोसत नाही, थंडीत गुडघे धरतात (हे ताईंना मुद्दाम सांगा), गाडीचा नंबर बाहेरचा दिसला की हवालदार रोज थांबवतो, आणि आमच्या गल्लीत एकही घर विकाऊ नाही. तिकडेच बरे आहात. लोभ आहेच, तो तिथूनच असू द्यावा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र तुमच्या मेहुणीनं वाचलं. मला वाटलं, आता माझी खैर नाही. तिनं नीट घडी घालून ते परत ठेवलं आणि म्हणाली, "भोंगे लिहिलेत, कपाट लिहिलंत, पंप लिहिलात. दोन वर्षांत मी कोणापाशी पोटातलं बोललेली नाही, ते कुठे लिहिलंय?" मग उठून भांडी घासायला गेली. तिला इथली भाषा माझ्या दसपट येते, भाजीवाल्याशी ती भांडतेसुद्धा. त्यावरून मी धरून चाललो होतो की तिचं छान चाललंय. तिच्या बहिणीचा गुडघा कसा असेल, हे ती रोज मला विचारते. दुसरं कोणी नाही म्हणून मला विचारते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ता. क. दुसरं. एक घर विकाऊ आहे. आमच्या इमारतीच्या भिंतीला भिंत लागून, तळमजल्यावर, चारच पायऱ्या. पाटी लागून चार महिने झाले. येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी पंपाजवळ गाठतो आणि भोंग्यांची सगळी माहिती देऊन परत पाठवतो. (का पाठवतो ते मला कळत नव्हतं. पण एकालाही सोडलं नाही.) मालकांना उद्या सकाळी सांगून येतो, की आमचे नातलग येताहेत, थांबा.

ता. क. शेवटचं. ताईंना आधी पाठवा, तुम्ही महिन्याभरानं या. पंपाला बटण बसवायचं असलं तर बसवा, माझं काही म्हणणं नाही. माझं मागणं एकच आहे. आल्यावर एखाद दिवशी, दोघी बहिणी समोर बसलेल्या असताना, मला काहीतरी विचारा. तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं विचारलंत तरी चालेल. आणि माझं सांगून झालं की फक्त "असं होय" म्हणा.