कमलबाईंची गोधडी

गंगाखेड, ४ मार्च २०२४

ती. आत्यास पंकजाचा शि. सा. न.

वि. वि. फोन आमच्या ह्यांच्या खिशात असतो, म्हणून अंगणवाडीच्या हेमाताईंच्या हाती पत्र देतेय. जानेवारीत उसाच्या फडावर तीन दिवस कळा दिल्या. मुकादम म्हणाला, खेप भरली की ट्रॅक्टर देतो. बाळ मेलेलंच आलं. तवापासून लघवी थांबत न्हाई, बसता-उठता गळती. सासूबाई म्हणतात, देवीचा कोप. एक गोधडी देऊन गोठ्यात टाकलंय. कमी गळावं म्हणून मी पाणीच पीत न्हाई. हे दुसरी बायको बघायलेत. खरंच कोप असंल का?

माया कमी करू नको.
तुझी पंकजा

चुडावा, ७ मार्च

चि. सौ. पंकजास अनेक आशीर्वाद.

तुझे आतोबा गेल्यापासून घर गप्प असतं, म्हणून मी वाचनालयातलं मिळेल ते वाचते. त्यात हेही वाचलंय. बाळाचं डोकं अडकून एकाच जागी दाबत राहिलं, की लघवीची पिशवी आणि बाळाची वाट यांच्यामधलं मांस मरतं, तिथे भोक पडतं. ते शिवता येतं. कोपायला देवीला तूच सापडलीस, मुकादम नाही? गाय अडली असती तर तुझ्या नवऱ्यानं, बजरंगनं, डॉक्टरला खांद्यावर बसवून आणलं असतं.

पाणी भरपूर पी, नाहीतर खडे होतील. सोमवारी एस.टी.ने येते. बसायला लागेल, गोधडी घेऊन नीघ.

मी आहे.
आत्या

चुडावा, १० जून

विहीणबाई सौ. कमलबाई यांस स. न.

निरोप पोचला. बजरंगची दुसरी सोयरीक जमली नाही, आणि ऊसतोडीच्या कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून सून धाडा म्हणता.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी एप्रिलअखेर लघवीची पिशवी आणि बाळाची वाट, दोन्हींचे पदर सुटे करून वेगवेगळे शिवले. एकवीस दिवस लघवीला नळी होती. मग पिशवीत निळं पाणी भरून, खाली कापूस ठेवून तिला खोकायला लावलं. कापूस पांढराच राहिला. त्या कापसाकडे बघून पंकजा बाळासाठी पहिल्यांदा रडली. मीही.

पुढचं बाळंतपण दवाखान्यात, पोट कापूनच, असं बजावलंय. ओझं सध्या बंद.

तुमचा निरोप तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, आधी त्यांची गोधडी धुऊन परत कर. धुतली, दोन उन्हं दिली, सोबत पाठवलीय. पंकजा इथेच राहील.

कोयत्याला जोडी हवी, तर बजरंग आहे, तुम्ही आहात.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. मी लिहीत नाही.

धुरपदाबाई