गळक्या छपराखालच्या दोघी

आई,

माझी तुझ्याविरुद्धची पहिली आणि अधिकृत तक्रार अशी की, तू अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याकडे येऊन राहिलीस त्या हिवाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी मला माझ्याच स्वयंपाकघरात मिक्सर लावता आला नाही. मिक्सर माझा, घर माझं, व्होल्टेज बदलायचा तो विटेसारखा जड डबा मी स्वतः मांडीवर घेऊन विमानातून आणलेला. डाळ-तांदूळ भिजलेले. मी बटणाला हात लावणार, एवढ्यात बाहेरच्या खोलीतून तुझा हात नुसता वर व्हायचा. मान वळवायचीही तुला गरज वाटत नसे. थांब, एवढाच त्याचा अर्थ. त्या हिवाळ्यात या घराण्याने शनिवारचा डोसा पाहिला नाही. हा अन्याय कुठेतरी नोंदला जावा म्हणून लिहिते आहे. तू जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा दाद मागायला जरा उशीरच झालाय म्हणा.

तुझी मालिका लागायची ना तेव्हा! जाहिराती नसलेला, लोकांच्या देणग्यांवर चालणारा तो चॅनेल. शनिवारी संध्याकाळी तिथे इंग्लंडमधल्या जुन्या विनोदी मालिका दाखवायचे आणि इथले सुशिक्षित अमेरिकन त्या देवळात बसल्यासारख्या भक्तिभावाने बघायचे. तुझ्या मालिकेत समुद्राकाठचं एक लहानसं गाव, तिथे एक विधवा आणि तिच्या गेलेल्या नवऱ्याची बहीण. दोघी एकाच घरात राहतात, घर आपलंच असं दोघींनाही वाटतं, आणि घराचं छप्पर गळतं. जी आधी गळतं म्हणेल तिला दुरुस्तीवाला बोलवावा लागेल, म्हणून दोघींपैकी कुणीही तसं म्हणत नाही. चर्चचे पाद्री चहाला येतात, त्यांच्या बशीत वरून थेंब पडतो, आणि दोघी म्हणतात, यंदा हवा किती छान आहे. बस. एवढ्या भांडवलावर त्यांनी वर्षानुवर्षं दुकान चालवलं.

आणि तू हसायचीस. तुला मी आयुष्यात तशी हसताना पाहिली नव्हती. आवाज नाही, नुसते खांदे हलतात, पदर तोंडात, डोळ्यांतून पाणी. इंग्रजी तुझं सातवीपर्यंतचं, आणि त्या बायका बोलायच्या नाकातून. मी पहिल्या शनिवारी शेजारी बसून भाषांतर करायला लागले तर म्हणालीस, "तू जरा गप्प बस गं. मला कळतंय." काय कळतंय? तर म्हणे, "ह्या आपल्या वन्संच." वन्सं म्हणजे साताऱ्याची माझी आत्या. आपल्या दोन खोल्यांत ती तुझ्याबरोबर राहिली, आणि मोरीचा नळ ठिबकतो हे तुम्ही दोघींनी कधीच मान्य केलं नाही. त्या नळाखाली कायम एक तपेलं असायचं, आणि कुणी विचारलं तर आत्या म्हणायची, ते तिथेच ठेवतात.

पुढे पुढे शेजारची म्हातारी अमेरिकन बाई पण यायला लागली. निवृत्त नर्स, तीही विधवा. बर्फातून काठी टेकत यायची, हातात मफिनचा डबा. तू तिला चकली द्यायचीस. तुमच्या दोघींत समाईक अशी एकही भाषा नव्हती. पहिल्याच दिवशी पडद्याकडे बोट दाखवून ती किंचाळली, "ओ माय गॉड, दॅट्स माय सिस्टर-इन-लॉ!" तू माझ्याकडे वळून विचारलंस, काय म्हणते? मी सांगितलं, त्यांच्याही वन्सं अशाच. तू तिचा हात हातात घेतलास आणि मालिका संपेपर्यंत सोडला नाहीस. मी ओट्याशी उभी. मला काय वाटलं सांगू? इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं ते केलं, रेल्वे घातली, क्रिकेट दिलं, आता माझी आई पण घेतली. शनिवारची संध्याकाळ, एक सातारा, एक मिशिगन, आणि दोन्ही देश जिंकून तो तिसरा देश मजेत चहा पितोय. साम्राज्य बुडालं असं ज्याने लिहिलं त्याला आमच्या सोफ्यावर आणून बसवायला हवं होतं.

माझं दुःख तुला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. दिवसा मी युनिव्हर्सिटीत सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचे आणि रात्री विनोदी लेख लिहायचे. पुण्याचे दिवाळी अंक ते छापायचे. लोक पत्रं पाठवायचे, पोट धरून हसलो म्हणायचे. दर अंक मी तुला पाठवायचे. तू चष्मा लावून, सावकाश, पंचांग वाचल्यासारखा वाचायचीस आणि फोनवर म्हणायचीस, "छान आहे. छपाई फिकट आहे पण." म्हणजे बाकी सगळ्या महाराष्ट्राला हसवायचं आणि जिच्यासाठी लिहायचं तिच्याकडून छपाईचा अहवाल घ्यायचा. एका शनिवारी मालिका संपल्यावर मला राहवलं नाही. शेजारीण नुकतीच गेली होती, तू अजून डोळे पुसत होतीस. मी विचारलं, "माझं वाचून कधी अशी का हसत नाहीस गं?"

तू जरा विचार केलास. खोटं बोलायची तुला सवय नव्हती, हीच तर पंचाईत. "अगं, तुझं वाचताना तू शेजारीच उभी असतेस. हसली का, आता तरी हसली का, करत. मग नाही येत हसू."

"आणि या बायका?"

"त्यांना मेल्यांना कुठे ठाऊक आहे आपण विनोदी आहोत ते! त्यांचं घर गळतंय."

हे ऐकून एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी त्याच गोष्टीवर एक प्रहसन लिहायला घेतलं. हेवा माणसाला उद्योगी बनवतो. इंग्रजीवरून मराठीत नाटक बेतायची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि बेतताना मूळ गोष्ट सुधारायची खोडही तितकीच जुनी. मीही सुधारली. दोघी नणंद-भावजया न्यू जर्सीत आणल्या. दर तिसऱ्या वाक्याला एक विनोद घातला. व्हिसावर, कूपनांवर, मुलांच्या मराठीवर, भारतातून आणलेल्या मसाल्यांवर. माझ्या मते मूळ मालिकेत विनोदांची फार काटकसर होती.

भावजय मी, आणि नणंदेचं काम नागपूरच्या एका काकूंकडे. कार्यक्रमाच्या सकाळी त्यांचा फोन आला, घसा पूर्ण बसलाय. हॉल शाळेचा, बाहेर गुडघाभर बर्फ, आत तिळगुळाचे डबे, पैठण्यांखाली बूट घातलेल्या बायका. मंडळाचे अध्यक्ष घामाघूम. "कॅन्सल करू या का यार?" तेव्हा तू म्हणालीस, "मी बसते की नुसती. वाक्यं काही पाठ होणार नाहीत माझी." मी तुला सूचना दिल्या. प्रेक्षकांकडे बघायचं, माझं वाक्य संपलं की थांबायचं, हशा होऊ द्यायचा. तू सगळ्याला मान डोलावलीस. लहानपणी मीही शाळेत जाताना तुझ्या सूचनांना अशीच मान डोलवायचे.

स्टेजवर पाणी सांडायला शाळेची बंदी होती. म्हणजे गळणारं घर, पण थेंब नाही. हे मी चार विनोदी वाक्यांत समजावून सांगणार होते. मी बोलते आहे. व्हिसाचा विनोद येतो, मी थांबते, हॉलमध्ये कुणीतरी खोकतं. आणि तू, खुर्चीत बसलेली, मान वर न करता, कपाखालची बशी बोटभर डावीकडे सरकवतेस. बस. मागच्या रांगेतून एक हसू फुटतं. मी पुढचं वाक्य घेते. तू पायाने एक पातेलं खुर्चीशेजारी ढकलतेस, तोंडाने मला विचारतेस, "भाजी कुठली करायची?" हे वाक्य माझ्या संहितेत नाही! हॉल कोसळतो. मग मी माझा हुकमी, राखून ठेवलेला विनोद टाकते, आणि नेहमीप्रमाणे थांबते. त्या थांबण्यात तू अगदी शांतपणे कोरडा पदर हातात घेऊन पिळतेस. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही ती इथे जन्मलेली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. माझी स्वतःची मुलगी, जिने माझ्या विनोदावर कधी भुवईसुद्धा हलवली नव्हती, ओरडत होती, "आजी! डू इट अगेन!" टाळ्या वाजत असताना मी तुझ्याकडे पाहिलं. तू वर छताकडे बघत होतीस, काळजीने. तुझं घर खरंच गळत होतं.

नंतर अध्यक्ष म्हणाले, "काकू, तुम्ही इथेच राहा, व्हिसाचं आम्ही बघतो!" मला म्हणाले, "तुझी आई काय कमाल आहे यार! स्क्रिप्ट पण ठीक होतं." गाडीत तू विचारलंस, "तुझं बोलणं मध्येच तर तोडलं नाही ना गं मी?" मी म्हटलं, नाही, माझं झालं होतं. रस्ता निसरडा होता. मी पुढे बघून ड्राइव्ह करत राहिले. इंग्रजांचा हेवा करणं तसं सोपं असतं, ते लांब असतात. मागच्या सीटवर बसून मफलर सोडवणाऱ्या बाईचा हेवा करायचा तर आरशात बघावं लागतं.

एप्रिलमध्ये तू परत गेलीस. तेव्हा चॅनेलवर देणग्या मागायचे आठवडे चालू होते आणि मालिका मध्येच थांबली होती. फोनवर तू आधी मुलीची चौकशी करायचीस, मग बर्फाची, मग तो प्रश्न. "शेवटी काय झालं गं त्या दोघींचं? छप्पर केलं का?" मी म्हणायचे, अजून दाखवलं नाही, दाखवलं की सांगते. आणि खरंच दाखवलं नाही. देणग्या जमल्यावर त्यांनी मालिका पुन्हा पहिल्या भागापासून लावली. शेजारीण दारात काठी आपटून रागावली होती. दिवाळीच्या आधी तू गेलीस. सांगते म्हटलेलं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात इथल्या लायब्ररीत त्या मालिकेची डीव्हीडी दिसली, सगळे भाग. मी ती उचलली, परत ठेवली, बाकीची पुस्तकं घेतली, आणि दारापर्यंत जाऊन मागे फिरले. काल शनिवार होता. घरात मी एकटीच होते. तर ऐक.

शेवटच्या भागात नणंद एका चुलत भाच्याकडे राहायला जाते, दूरच्या गावी. ती गेल्या गेल्या भावजय दुरुस्तीवाल्याला बोलावते. नवं छप्पर होतं. पाऊस येतो, आणि घरात एक थेंब पडत नाही. ती खुर्चीत बसते, चहा ओतते, वर बघते. घर इतकं शांत की घड्याळ ऐकू येतं. जरा वेळाने ती उठते, नळाखाली तांब्या भरते, आणि पातेल्यात उंचावरून थेंब थेंब सोडायला लागते. तेवढ्यात दार उघडतं. नणंद परत आलेली, हातात बॅग. तिला नवं छप्पर दिसतं, तांब्या दिसतो, भावजयीचा ओला हात दिसतो. ती म्हणते, "भाच्याचं घर फार कोरडं आहे. माझा घसा बसला." भावजय म्हणते, "चहा आहे." नणंद आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसते आणि छत्री उघडते. "यंदा हवा छान आहे," ती म्हणते. भावजय म्हणते, "मागच्या वर्षीपेक्षा बरी." तांब्यातला थेंब पडतो, आणि संपतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे खरं सांगायला हरकत नाही. यातलं एक वाक्य मूळ मालिकेतलं नाही. ते मी घातलंय. कुठलं, ते सांगणार नाही.